लांब कुरणावरचा पांढरा रंग

तूसिस, १० जानेवारी १९५१

चि. बार्ला,

तीन वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही, मला काही नको आहे आणि माझी प्रकृती ठणठणीत आहे. सहज लिहितोय.

इथे परवापासून बर्फ पडतोय. खाली तूसिसला गुडघाभर आहे, म्हणजे वर तुमच्या वाल्मेरात कमरेपर्यंत असणार. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची खालची काच बुजली का? वारा कुठून आहे? उत्तरेकडून असेल तर पिझ नेरच्या माथ्यावर बर्फाची झालर लोंबायला लागली असेल. ती किती पुढे आली आहे ते एकदा दुपारच्या उन्हात बघ आणि कळव. आणि डोंगरावरचे ते पिवळ्या चोचीचे कावळे खाली गावात उतरलेत का? चित्रकाराच्या उगाचच्या चौकशा समज. जन्मभर एकाच गावाचे हिवाळे रंगवले, आता लांब राहून विचारायची खोड काही जात नाही.

मियेर्ता आता सहा वर्षांची झाली असेल. नातीचं चित्र काढायचं मनात आहे. समोर बसवून काढायचं, फोटोवरून नाही. म्हणजे महिनाभर तरी हवा. तिला घेऊन ये. फ्लूरिनलाही आण. गायी शेजाऱ्यांवर सोपवता येतील, आणि सुतारकामाला या दिवसांत असा कोणता ऊत आलेला असतो! माझ्या दोन खोल्या आहेत, एकीत मोठी शेगडी आहे. फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत राहा.

शक्यतो याच आठवड्यात या. नंतर माझी कामं निघतील.

तुझा बाप,
डूरी


तूसिस, १४ जानेवारी

चि. बार्ला,

तुझं कार्ड पोचलं. "आम्ही मजेत आहोत. घर जागच्या जागी आहे आणि दृश्य अजून बिघडलेलंच आहे." एवढ्या ओळीत बापाची सालटी काढलीस. आईवर गेली आहेस. ती निदान सालटी काढून वर कॉफी द्यायची.

ते वाक्य मी बोललो होतो, नाही म्हणत नाही. फ्लूरिनने स्वतःच्या हाताने घर उभं केलं, आढं चढवलं, छपराला देवदाराची फांदी बांधली, सगळ्या गावाला प्यायला बोलावलं, आणि मी भर घोळक्यात म्हणालो, "इथे घर शोभत नाही. लांब कुरणाचं दृश्य बिघडतं." बिचाऱ्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तू म्हणालीस, "बाबा, आजपासून तुम्ही तुमचं दृश्य सांभाळा, मी माझं घर सांभाळते." पुढच्याच आठवड्यात मी बाडबिस्तरा घेऊन खाली तूसिसला आलो. गावाला वाटलं, चित्रकार आहे, डोकं फिरलं असेल. जावई सुतार म्हणून म्हातारा नाक मुरडतो, असंही कोणी म्हणालं. तुलाही तेच वाटलं.

मला त्या दिवशी दुसरंच काही सांगायचं होतं. तोंडातून ते निघालं नाही.

असो. आज लिहिण्याचं कारण वेगळं. मी आजारी आहे. छातीचं दुखणं, तुला माहीतच आहे, त्याच छातीपायी मला सैन्यात घेतलं नव्हतं. डॉक्टर मान हलवतात. रुसवेफुगवे नंतर बघू. हे पत्र मिळेल त्या दिवशीच्या गाडीने निघ आणि मियेर्ताला बरोबर आण. फ्लूरिनलाही आणता आलं तर आण. उशीर केलास तर मग मला दोष देऊ नकोस.

डूरी


तूसिस, १७ जानेवारी, संध्याकाळ

बार्ला,

तुमची गाडी वळणाआड जाऊन तास झाला. मी अजून कोट काढलेला नाही.

तू जिन्यावरून धावत आलीस, मियेर्ताला जवळजवळ फरफटत. दार उघडलंस तेव्हा मी टेबलाशी बसून बटाट्याचा चुरा सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर हाणत होतो. गाडी उशिरा येईल असं वाटलं होतं. नाहीतर पलंगावर पडून राहिलो असतो. तू पलंगाकडे पाहिलंस, मग माझ्या ताटाकडे.

"हे दुसरं ताट आहे का बाबा?"

"डॉक्टर म्हणाले, खात जा."

"कोणते डॉक्टर? नाव सांगा, मी जाऊन भेटते."

मला नाव सुचलं नाही. मियेर्ता म्हणाली, "आजोबा, तुम्ही खोटे खोटे आजारी आहात?" आणि मी हसलो. त्या पोरीसमोर हसलो मी! तिला मजा वाटली. तुझे डोळे भरले होते, मग ते कोरडे झाले. "दोन गायी विणार आहेत, नवरा छपरावर चढून बर्फ ओढतोय, आणि मी रडत रडत चार तास गाडीत बसून आले. कशाला बोलावलंत?"

मी म्हणालो, "आठवण आली."

तू मियेर्ताच्या टोपीची गाठ मारलीस आणि निघालीस. मी कोट चढवून थांब्यापर्यंत मागे मागे आलो. तू वळून पाहिलं नाहीस. मियेर्ताने मागच्या काचेतून हात हलवला. मी दाराला कडी घालायला हवी होती, बार्ला. पोरीला काखोटीला मारून माळ्यावर लपवायला हवं होतं. त्याऐवजी मी हात हलवला.

आता लिहितो. तोंडाने झालं नाही ते हाताने तरी होतंय का बघू. हे वाचून संपवायच्या आधी मियेर्ताला गावात पोस्ट-दुकानवाल्या उश्लाकडे पोचव, मग वाच.

लांब कुरणावर "ती" येते.

आपल्याकडे हिवाळ्यात हिमलोटाचं नाव घेत नाहीत, नुसतं "ती" म्हणतात. तुझ्या आईने त्यावरून मला कितीदा दटावलं. तर "ती" तुझ्या घराच्या जागेवर आलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. एकोणीसशे सतरा सालचा फेब्रुवारी. लढाई चालू होती, गावातले धडधाकट पुरुष सगळे सरहद्दीवर. बायका, म्हातारे आणि मी. आठ दिवस कोणी उंबरठा ओलांडला नव्हता. एका पहाटे भिंती हादरल्या. गावाला काही झालं नाही, म्हणून कोणी पुढे चौकशी केली नाही. मी तिसऱ्या दिवशी पायांना जाळीच्या फळ्या बांधून, रंगांची पेटी घेऊन लांब कुरणाकडे गेलो.

कुरण नव्हतंच. डोंगरावरून कोसळलेल्या बर्फाचा, घराच्या उंचीचा राडा होता. तपकिरी, करडा, मातीत मळलेला. मुळांसकट उपटलेली देवदारं त्यात उभी-आडवी खुपसलेली. काद्रूवी हॉटेलवाल्याचं गवताचं कोठार तिथे होतं, त्याचं छप्पर पालथं पडलं होतं. एक हरणाची मादी, मान मुरगळलेली. मी दोन दिवस तिथे उभा राहून चित्र काढलं. रंगाच्या नळ्या गोठू नयेत म्हणून काखेत धरत होतो. एवढं खरं चित्र मी त्याआधी काढलं नव्हतं, नंतरही नाही.

काद्रूवी घरी आला आणि चित्रापुढे उभा राहिला. "डूरीभाऊ, हात आहे तुमचा. पण ही घाण कोण भिंतीवर टांगणार? लढाई संपली की पाहुणे परत येतील. त्यांना पांढरं लागतं. शुभ्र पांढरं." मग इकडे तिकडे बघत म्हणाला, "घरात लाकूड आहे का? वहिनींचे दिवस भरत आलेत."

लाकूड नव्हतं. तू पोटात होतीस आणि तुझी आई घरात दोन कोट घालून बसायची. मी आठवडाभर त्या राड्यावर पांढरा रंग चढवला. वर निळसर सावल्या, एका सशाची पावलं. चित्रात कोठार पुन्हा उभं केलं. काद्रूवीने चार गाड्या लाकूड पाठवलं. देवदाराचं, मुळांसकट. ते कुठून आलं होतं हे मी विचारलं नाही, तुझ्या आईलाही सांगितलं नाही. "ती"ने आणलेली झाडं आपल्या शेगडीत जळली आणि तू उबेत जन्मलीस. बाकीचं काद्रूवीच्या गड्यांनी बर्फ वितळायच्या आत उचललं. वर नव्याने बर्फ पडलाच होता. पुरुष सुट्टीवर घरी आले तोवर तिथे एक जुनं कुरण होतं आणि त्यावर काद्रूवीने नवं बांधलेलं कोठार. त्याचे दोन्ही गडी आता मेलेत, तोही मेला. उरलो मी.

पुढचं तुला माहीत आहे. काद्रूवीने चित्र गावाला भेट दिलं, ते गावसभेच्या खोलीत लागलं. माझ्या चित्रात कुंपणाच्या खुंट्यासुद्धा मोजून असतात हे गावाला ठाऊक. आल्बिनचा कुंपणाचा वाद त्यावरून मिटला, पाटाचा वाद मिटला. "चित्रात बघा" ही गावची म्हणच झाली. तुमच्या घराच्या परवानगीच्या वेळीही कोणीतरी म्हणालं असेल, सतराच्या हिवाळ्यात सुद्धा लांब कुरण कसं स्वच्छ होतं, चित्रात बघा.

म्हणून मी "दृश्य बिघडतं" म्हणालो. खरं कारण दिलं असतं तर चित्र गेलं असतं.

उद्या पहिल्या गाडीने हे पत्र येईल. वाचलंस की एक क्षण थांबू नकोस. तुमचं आणि कुरणावरची शेजाऱ्यांची दोन, तिन्ही घरं रिकामी करा. फ्लूरिनला पटत नसेल तर चित्राची उजवी खालची बाजू खरवडा. टर्पेंटाइनने निघणार नाही, चौतीस वर्षांचा रंग हाडासारखा झालेला असतो. सुरी घ्या.

बाप


तूसिस, १९ जानेवारी

बार्ला,

कालची गाडी गेली नाही. वरचा रस्ता बंद आहे. पोस्टातल्या पोराने माझं पत्र पिशवीतून काढून परत हातात दिलं. "आजोबा, आठवडा तरी लागेल," म्हणाला, हवापाण्यावर बोलावं तसं.

म्हणून आज सकाळी फोन केला. तू फोनवर यायच्या आधी काय झालं ते तुला उश्लाने सांगितलं असेलच, पण मीठमसाला लावून सांगितलं असेल, म्हणून माझ्याकडून ऐक.

"वाल्मेरा पोस्ट."

"उश्ला, मी डूरी बोलतोय."

"अगंबाई, जिवंत आहात? बार्ला सांगत होती, मरता मरता दोन ताटं जेवलात म्हणून."

"गावप्रमुखांना निरोप आहे. लिहून घे."

ती प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत लिहिते, तुला माहीतच आहे. मागे दुधाची रांग लागलेली ऐकू येत होती. "लांब कुरणाचं... चित्र... खोटं... आहे. काय? डूरी, सकाळी सकाळी घेतली आहे का?"

"लिही."

"सतरा सालच्या फेब्रुवारीत... अहो, नाव नका घेऊ तिचं! माझ्या छपरावर दीड पुरुष बर्फ आहे." मग मात्र तिचा आवाज बारीक झाला. माझं सगळं सांगून झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आणि हे तुम्ही आज सांगता?"

तिने काथोमेनना बोलावून आणलं. गावप्रमुखाचा तो खाकरा, मी फोनवरही ओळखला.

"डूरी, त्या चित्रावर मी चार निकाल दिलेत. चारही वेळा दोन्ही बाजू मुकाट घरी गेल्या. ते सगळे तंटे आता पुन्हा उकरू?"

"तीन घरांत अकरा माणसं आहेत, काथोमेन. माझी पोर आहे, नात आहे."

"चित्र काढलंत तेव्हा तुम्ही बत्तीसचे होतात, नजर घारीची. आज सहासष्टचे आहात. परवा आजारपणाचं नाटक केलंत, ते सगळ्या गावाला कळलंय. मी कोणत्या डूरीचं ऐकायचं?"

"आताच्या."

"जो स्वतःच्या तोंडाने सांगतो की मी खोटं बोलतो, त्याचं खरं कसं धरायचं हो? आणि ते चित्र मार्चमध्ये झुरिकच्या प्रदर्शनाला जायचंय, गावाचं नाव त्यावर आहे. त्याला मी सुरी लावू देणार नाही."

मग तू आलीस. तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. मी ते पुन्हा लिहितोय कारण मला दुसरं काही ऐकूच येत नाही. तू म्हणालीस की फ्लूरिन तीन वर्षं दर रविवारी घरापासून लांब जाऊन उभा राहतो आणि बघतो, काय वाईट दिसतंय म्हणून. त्याने छपराचा उतार बदलला. खिडक्यांचा रंग दोनदा बदलला. मला हे माहीत नव्हतं, बार्ला.

आणि मग तू विचारलंस, "परवा मी तुमच्या खोलीत होते. मियेर्ता होती. परवा का नाही सांगितलंत?"

तू फोन ठेवलास. दुपारपासून लाइन बंद आहे. तू घरी गेलीस की उश्लाकडे थांबलीस, मला कळायला मार्ग नाही.


२१ जानेवारी

बार्ला,

हे पत्र जाणार नाही, तरी लिहितोय. हात थांबला की खिडकीकडे लक्ष जातं.

बर्फ थांबत नाही. तूसिसमध्ये माणसं हळू आवाजात बोलतात. रेडिओवर गावांची नावं सांगतात. पलीकडच्या दरीतलं एक, वरच्या अंगाचं एक. प्रत्येक नाव उच्चारण्याआधी निवेदक श्वास घेतो तेव्हा मी उठून उभा राहतो. वाल्मेराचं नाव अजून घेतलेलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे काही घडलं नाही, की कळवायला कोणी उरलं नाही? खालची बाई सूप आणून देते, ते तसंच गार होतं. काल पावाला लोणी लावायला सुरी उचलली आणि खाली ठेवली.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. पूर्ण देतो.

मी मागे लिहिलं की परवानगीच्या वेळी "कोणीतरी म्हणालं असेल". म्हणालं असेल नाही. मी तिथे होतो. तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसला होतात, हात हातात घेऊन. आत सात जण होते आणि मी, कोपऱ्यात. काथोमेनने चित्राकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "डूरी, चित्र बरोबर आहे ना?"

त्याच आठवड्यात शहरातल्या एका मासिकात माझ्यावर लेख आला होता. "हिवाळ्याचा सर्वांत प्रामाणिक डोळा" असं त्यात म्हटलं होतं. ते पान माझ्या खिशात होतं. घडी पडून पडून मऊ झालं होतं.

मी म्हणालो, "चित्र माझं आहे."

कोणी खोदून विचारलं नाही. शिक्का बसला. तू बाहेरून धावत आलीस आणि माझ्या गळ्यात पडलीस. तुला वाटलं, मी तुमच्या बाजूने बोललो.

तू आलीस त्या दिवशीही तेच. तू समोर होतीस आणि भिंतीवर झुरिकच्या प्रदर्शनाचं पत्र लावलेलं होतं. मी मनात हिशेब केला, अजून चार-सहा दिवस बर्फ धरेल, तोवर काहीतरी दुसरं कारण सापडेल. कारणं शोधण्यात माझी हयात गेली. मी भित्रा आहे, बार्ला. डोंगराला कधी भ्यालो नाही. लोक मला नुसता एक हॉटेलवाल्यांचा रंगारी म्हणतील याला भ्यालो. आज या क्षणी मला कोणी काही म्हणा. मियेर्ता जिवंत आहे एवढं फक्त कळवा.


वाल्मेरा, २२ जानेवारी

बाबा,

तिघंही जिवंत आहोत. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. दोन माणसं स्की बांधून खाली निघाली आहेत, त्यांच्याबरोबर हे देते.

फोन ठेवला आणि तशीच गावसभेच्या खोलीत गेले. उश्लाच्या दुकानातली चीज कापायची सुरी हातात होती. काथोमेन दारात आडवे आले. मी म्हटलं, "बाजूला व्हा, नाहीतर आधी तुम्हाला खरवडते." झाले बाजूला. तुम्ही फोनवर सांगितलंत त्या जागी वीतभर खरवडलं. आधी करडं आलं, मग तपकिरी, मग झाडाचं मूळ, अगदी केसांएवढ्या मुळ्यांसकट. मागे अर्धं गाव उभं होतं. काथोमेननी टोपी काढली आणि खाली बसले.

अंधार पडायच्या आत तिन्ही घरं रिकामी केली. गायी काढल्या, मियेर्ताची गादी काढली. "ती" वीस तारखेला सकाळी आली. मियेर्ता दूध पीत होती. आधी कानात दडे बसले, मग आवाज. लांब कुरणावर आता काही नाही. काल फ्लूरिनने मला एवढंच विचारलं, "म्हणजे घर दिसायला चांगलं होतं ना?" मी हो म्हटलं. मग तो रडला.

तुम्हाला माफ केलं का ते मला आत्ता विचारू नका. त्याला वेळ नाही.

बर्फ पडतोच आहे. वरच्या आळीतल्या लोकांनाही आता घरात भीती वाटते, म्हणून सगळे शाळेत आलोत. बावन्न जण आहोत, त्यांत सतरा मुलं. आज कोणीतरी विचारलं, "शाळेच्या मागच्या उताराचं काय?" काथोमेन म्हणाले, "शाळेला धोका नाही," आणि जन्माच्या सवयीने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे तुमचं चित्र आहे, चोवीस सालच्या मोठ्या हिवाळ्याचं. पुढे घसरगाडीवर मुलं, मागे उतार, स्वच्छ पांढरा. बोट दाखवून ते तसेच थांबले. मग खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मी सुरी आणली. त्या उतारावर चार ठिकाणी खरवडलं. खाली काही नाही. पांढरा, आणि त्याखाली सरळ कापड. याचा अर्थ काय धरायचा? त्या हिवाळ्यात उतार खरंच स्वच्छ होता, की तोवर तुम्ही पहिल्या हातालाच पांढरं लावायला शिकला होतात?

रस्ते बुजलेत. एकदा इथून हललो तर बर्फात लहान मुलं घेऊन चालावं लागेल, म्हणून उगाच हलता येत नाही. माणसं परत येतील त्यांच्या हाती उत्तर द्या. खरं असेल ते. आम्ही थांबलोय.

बार्ला


तूसिस, २३ जानेवारी, दुपारी एक

बार्ला,

माणसं दारात उभी आहेत, स्की काढल्या नाहीत.

मला आठवत नाही.

"उतार स्वच्छ होता" असं मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही कागद शेगडीत टाकले. तुला धीर द्यायला हात आपोआप ते लिहितो. त्या वर्षी मी शाळेसमोर उभा होतो, मुलं होती, थंडी होती, एवढं आठवतं. मागे काय होतं ते आठवायला डोळे मिटतो तेव्हा मला माझं चित्रच दिसतं. चोवीस सालापर्यंत मी शिकलो होतो. खाली काही लपवायची गरज उरली नव्हती. त्या काळातली माझी कुठलीच पांढरी जागा मला आता खरी म्हणून सांगता येत नाही.

म्हणून शाळेत थांबू नका. खालच्या आळीला जा. उश्लाचं घर, आल्बिनची दोन घरं, चर्चला लागून असलेलं पाद्रीबाबांचं घर. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी जागा पारखून बांधलेली. त्या घरांचं चित्र मी आयुष्यात काढलं नाही, कारण ती काळवंडलेली आहेत, कोणी विकत घेतलं नसतं. दाटीवाटीने बावन्न जण मावतील. एका वेळी दहा जण जा, दोरी धरून, अंतर ठेवून, कोणी बोलायचं नाही. मियेर्ताला फ्लूरिनच्या पाठीवर बांध.

शाळेला काहीच झालं नाही तर सगळं गाव मला हसू दे.

आणखी लिहायचं होतं. पण जितकं लिहीन तितका यांना उशीर होईल.

बाप